तीस किलोचा कट्टा, पंचवीस किलोची बॅग आणि सॉफ्टवेअरचे तुकडे

१८ जुलै २०२२ ही तारीख जळगावातल्या कुठल्याही दाल मिलवाल्याला विचारा, तो आधी एक शिवी घालेल नि मग सांगेल. त्या दिवसापासून पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर, २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगला, ५ टक्के जीएसटी लागला. त्याआधी २०१७ पासून सगळा खेळ ब्रँडवर होता, ब्रँड असेल तर टॅक्स, सुट्टी बिनब्रँडची असेल तर नाही, आणि आता एकदम ब्रँड गेला बाजूला नि वजन आलं मध्ये. तीच तूर, तेच मशीन, तेच सॉर्टेक्स (डाळीचे दाणे निवडायचं मशीन), पण ३० किलोच्या कट्ट्यात भरली तर टॅक्स शून्य आणि २५ च्या बॅगेत भरली तर ५ टक्के. बाजारात ३० किलोचे कट्टे का वाढले ते आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी जळगाव, भुसावळ, धुळे ह्या पट्ट्यातल्या धंद्यांची सॉफ्टवेअरं बघतो. दाल मिल, जिनिंग, ठिबकचे नि पाईपचे डीलर, असे सगळे. आज लिहायचंय ते एसओए म्हणजे सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चरबद्दल. नाव ऐकून पळू नका. ह्यावर नेटवर जे मिळतं ते सगळं बँका नि टेलिकॉम कंपन्यांचं असतं, गोल-चौकोनांची चित्रं नि बाणच बाण, आणि आपल्या एमआयडीसीतला माणूस ते बघून म्हणतो हे आपल्यासाठी नाही. माझं म्हणणं उलट आहे. ज्याच्या धंद्याचे नियम दुसराच कोणीतरी बदलत असतो त्याला ह्याचा फायदा सगळ्यात जास्त, आणि शेतमालाच्या धंद्याइतके बाहेरून नियम बदललेले मी तरी दुसरीकडे बघितले नाहीत.

एका दाल मिलचं उदाहरण घेतो, नाव सांगत नाही, शेठ ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे जुनं सॉफ्टवेअर होतं, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं, एकच मोठी एक्सई फाईल म्हणजे सगळा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये, गेटवर तीच, काट्यावर तीच, ऑफिसात मुनीमजींकडे पण तीच. चांगलं होतं हो, वाईट नव्हतं, ज्याने लिहिलं त्याने मन लावून लिहिलेलं होतं. पण २५ किलोचा नियम आला तेव्हा कळलं की टॅक्सचा हिशोब बिलाच्या फॉर्ममध्ये एकदा लिहिलाय, परत आलेल्या मालाच्या फॉर्ममध्ये पुन्हा एकदा, महिन्याच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्यांदा, टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला एक्स्पोर्ट करताना चौथ्यांदा, नि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेगळा. एका ठिकाणी दुरुस्त केला तर बिल बरोबर यायचं नि रिपोर्ट चुकायचा. शिवाय नुसता टॅक्सच नाही ना, ३० किलोच्या कट्ट्याला बिल ऑफ सप्लाय म्हणजे बिनटॅक्सचं बिल, ना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) ना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद), आणि २५ च्या बॅगेला टॅक्स इन्व्हॉइस, त्याला ई-इन्व्हॉइस पण नि ई-वे बिल पण. एकाच गाडीत दोन्ही माल चढला तर बघायलाच नको.

बरं ते निस्तरतोय तोवर १ जानेवारी २०२३ पासून चुणी-फोलपटावरचा ५ टक्के टॅक्स काढून शून्य केला. म्हणजे डाळीवर लावला नि गुरांच्या खाद्यावरचा काढला. पुन्हा तीच चार ठिकाणं. मग १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा ५ कोटी उलाढालीवर आली, ऑक्टोबर २०२० मध्ये हे सुरू झालं तेव्हा ती ५०० कोटी होती, म्हणजे आधी फक्त मोठ्या कंपन्यांची डोकेदुखी होती ती तीन वर्षांत आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या मधल्या मिलपर्यंत उतरली. आणि मधेच जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तूर नि उडदावर साठ्याची मर्यादा लावली, पोर्टलवर साठा जाहीर करा म्हणाले. शेठ एकदा वैतागून म्हणाले, "अरे भाऊ, आपण डाळ बनवतो का सॉफ्टवेअर?"

आता ह्या सगळ्या बदलांत काट्याचा काय संबंध? काही नाही. तुरीची गाडी येते, भरलेली तोलतात, रिकामी तोलतात, फरक लिहितात. ते २०१७ ला पण तसंच होतं नि आज पण तसंच आहे. पण एक्सई एकच असल्यामुळे बिलात टॅक्स बदलला की नवी एक्सई काट्यावरच्या कॉम्प्युटरवर पण टाकावी लागायची, आणि ती टाकल्यावर काटा बंद. सीझनमध्ये बाहेर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागलेली, नि काट्यावरचा माणूस फोन करतो, "भाऊ, कम्प्युटर बंद पडी गया, आते काय करानं?"

एसओएचं म्हणणं इतकंच आहे की ज्या कामाचा दुसऱ्या कामाशी संबंध नाही ते एकमेकांत गुंतवू नका. प्रत्येक काम एक स्वतंत्र सर्व्हिस करा, तिच्याशी बोलायची पद्धत ठरवून द्या, आणि ती आत काय करते त्यात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. बाजार समितीत हे पिढ्यान्पिढ्या चालू आहे. मापाडी वजन करतो नि काटापट्टी लिहून देतो, आडत्या त्या पट्टीवरून हिशोबपट्टी बनवतो. मापाडी आडत्याची वही उघडून बघत नाही, आडत्या तराजूला हात लावत नाही, दोघांमध्ये काय ते कागदावर ठरलेलं असतं. उद्या हाताचा काटा जाऊन इलेक्ट्रॉनिक आला तरी आडत्याचं काही अडत नाही, पट्टी तशीच येतेय ना, मग झालं तर.

ही कल्पना नवीन नाही. गार्टनर ह्या संशोधन कंपनीवाल्यांनी १९९६ मध्येच हे नाव वापरलं होतं. अ‍ॅमेझॉनची गोष्ट प्रसिद्ध आहे, साधारण २००२ च्या सुमाराला जेफ बेझोसने फर्मान काढलं की कोणत्याही टीमने दुसऱ्या टीमच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, जे लागेल ते सर्व्हिसकडे मागायचं, नि ऐकणार नाही त्याला घरी. हे बाहेर आलं २०११ मध्ये, तिथे आधी काम केलेल्या स्टीव्ह येगीने लिहिलं म्हणून. आणि दुसरी बाजू पण सांगतो, मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी एसओएच्या नावाने महागडी बस सॉफ्टवेअरं विकत घेतली, ज्यातून सगळे निरोप फिरवायचे, नि शेवटी तीच बस सगळ्यात मोठा गुंता होऊन बसली. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅन थॉमस मेन्स ह्या विश्लेषक बाईंनी एसओए मेली असं जाहीरच करून टाकलं, पण त्यांनी त्याच दमात असं पण म्हटलं की सर्व्हिसेस जिवंत राहतील. विकणाऱ्यांनी नाव खराब केलं, कल्पना चांगलीच होती. पुढे २०१४ च्या सुमाराला त्याच्याच लहान भावाला मायक्रोसर्व्हिसेस म्हणायला लागले, तो वेगळा विषय आहे नि त्यावर भांडणारी माणसं भरपूर आहेत.

तर त्या मिलमध्ये आम्ही काय केलं. जुनी एक्सई फेकली नाही, हे पहिलं. अर्धा जळगाव नवीन ईआरपी (सगळा धंदा सांभाळणारं एकच मोठं सॉफ्टवेअर) घेतो नि दोन वर्षं रडतो, कारण सगळं एका दिवशी बदलायला जातात. आम्ही एक एक काम बाहेर काढलं, ते पण पावसाळ्यात, कारण नव्या तुरीची आवक जानेवारीपासून मार्चपर्यंत जोरात असते, तेव्हा कुठल्याही मशीनला हात लावायला गेलात तर शेठ तुम्हालाच हात लावतील.

आधी काटा. काट्याच्या इंडिकेटरमधून एक केबल कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला येते नि तो सेकंदाला कितीतरी वेळा आकडे फेकत असतो. गाडी चढली की आकडा नाचतो, ड्रायव्हर खाली उतरला की पुन्हा नाचतो, कधी अधिकचं चिन्ह पुढे येतं, कधी मधेच अर्धी ओळ येते. हा सगळा गोंधळ आधी त्या मोठ्या एक्सईमध्ये होता. आता काट्याची छोटी सर्व्हिस आहे, ती आकडा स्थिर झाला की मगच वजन धरते, त्याला एक पावती नंबर देते, आधी स्वतःच्या डिस्कवर लिहिते नि मग ऑफिसला पाठवते. नेट गेलं तरी तोलाई चालू, नेट आलं की राहिलेल्या पावत्या आपोआप जातात. तीच पावती दोनदा गेली तरी ऑफिसात एकदाच पडते, कारण नंबर तोच. हा मुद्दा छोटा वाटतो पण सगळी गंमत ह्यात आहे, कारण नेटवर्कवर एखादी गोष्ट पोचली का नाही हे पाठवणाऱ्याला कधीकधी कळतच नाही, मग तो पुन्हा पाठवतो, आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्यांदा आलेलं ओळखलं नाही तर एका गाडीचे दोनदा पैसे. सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलमध्ये पण तेच आहे, तुमचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर नि आर्थिक वर्ष ह्यावरून ६४ अक्षरांचा आयआरएन म्हणजे बिलाचा नोंदणी नंबर बनतो, तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल सांगतं हे आधीच आलेलं आहे.

काट्यानंतर टॅक्स नि बिल. ही एकच सर्व्हिस, तिला विचारायचं की हा माल, एवढ्या वजनाचं पॅकिंग, लेबल आहे का नाही, गिऱ्हाईक कुठल्या राज्यातलं, आणि ही तारीख. ती सांगते टॅक्स किती, कागद कोणता, ई-इन्व्हॉइस लागेल का, ई-वे बिल लागेल का. तारीख मुद्दाम विचारायची, कारण जुलै २०२२ च्या आधीचा परत आलेला माल असला तर त्याला तेव्हाचाच नियम. आता नियम बदलला की एका ठिकाणी बदलतो, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत टाकून देतो, नि काट्यावरच्या माणसाला पत्ता पण लागत नाही. पोर्टल स्लो झालं तर फक्त पॅकिंगच्या मालाची गाडी थांबते, कारण आयआरएनशिवाय ती सोडता येत नाही, बाकी कट्ट्यांच्या गाड्या जातात, आत येणाऱ्या तुरीच्या गाड्या येतात. पूर्वी एक अडलं की सगळं अडायचं. आता खासगी आयआरपी म्हणजे बिल नोंदवणारी पोर्टलं पण आलीत, उद्या एकाकडून दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तर ह्याच एका सर्व्हिसमध्ये बदल, बाकीच्यांना काही माहीत असायची गरजच नाही.

तिसरी पार्टीची सर्व्हिस, म्हणजे कोण शेतकरी, कोण व्यापारी, कोणाची उधारी किती. इथे तंत्राचं काम कमी नि भांडणं जास्त झाली. एकच व्यापारी गेटच्या यादीत एका नावाने, बिलात दुसऱ्या नावाने, टॅलीत तिसऱ्याच स्पेलिंगने, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळी उधारी. मुनीमजींना सगळं पाठ होतं म्हणून चालत होतं. पण मुनीमजी गावाला गेले की उधारीची मर्यादा ओलांडून माल सुटायचा. आता पार्टीची नोंद एकाच ठिकाणी बनते, बाकी सगळे तिथेच विचारतात. शेठला विचाराल तर ते सांगतील पैसा सगळ्यात जास्त इथे वाचला, टॅक्समध्ये नाही. मला पण आता तसंच वाटतं. लोक एसओए म्हटलं की पुन्हा वापरता येणारा कोड वगैरे सांगतात, ते आहेच, पण एका गोष्टीचा एकच मालक असणं ही जास्त मोठी गोष्ट आहे.

चौथी साठ्याची. कच्ची तूर किती, फोडायला गेलेली किती, तयार डाळ किती, फटका डाळ किती, चुणी किती. साठा मर्यादेच्या पोर्टलवर आकडे भरायचे होते तेव्हा ही हाताशी होती म्हणून रात्री गोदामात बॅटरी घेऊन कट्टे मोजायची वेळ आली नाही.

चार. पाचवी केली नाही, कारण गरज नव्हती. टॅली आहे तिथेच आहे, तिला पोर्ट ९००० वर एक्सएमएल (ठरलेल्या साच्यातला मजकूर) पाठवलं की व्हाउचर पडतं, सीए पण खुश, मुनीमजी पण खुश.

ह्याचा एक फायदा असा झाला जो आधी कोणी मोजलेला नव्हता. शेठच्या मुलाने एमआयडीसीत दुसरं युनिट घेतलं, तिथला काटा वेगळ्या कंपनीचा. काट्याच्या सर्व्हिसमध्ये फक्त आकडे वाचायचा भाग बदलला, बाकी सगळं तसंच उचलून ठेवलं. आणि दलालांसाठी मोबाईल अ‍ॅप हवं होतं तर ते पुण्याच्या दुसऱ्याच मुलांनी बनवलं, आमच्याशी न बोलता, त्यांना फक्त सर्व्हिसला काय विचारायचं नि काय उत्तर येईल त्याचा कागद दिला. दलालाला त्याचेच सौदे दिसतात, शेठचा साठा दिसत नाही. सॉफ्टवेअरवाला एकच असला की तो म्हणेल ती किंमत, हे आपल्याकडे किती जणांनी भोगलंय. तुकडे असले की एक तुकडा एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतो. हे मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असून लिहितोय, माझ्या धंद्याला हे बरं नाही, पण आहे ते आहे.

आता खर्चाची बाजू, कारण ती कोणी लिहीत नाही. एक्सई होती तेव्हा बिघाड एका ठिकाणी शोधायचा. आता चार सर्व्हिस, मधे नेटवर्क, कुठे अडलं ते शोधायला नोंदी ठेवाव्या लागतात नि त्या बघणारा माणूस लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे गेला की सर्व्हरच्या खोलीतला एसी ही पण आर्किटेक्चरचीच बाब होते, हसू नका, खरं सांगतोय. लाईट गेली तर कोणती सर्व्हिस आधी उठणार, बॅकअप चारही ठिकाणचा घेतला का, हे सगळं वाढतं. त्यामुळे एका काउंटरचं कृषी केंद्र असेल, दोन माणसं नि एक कॉम्प्युटर, तर ह्या भानगडीत अजिबात पडू नका, एकच साधं सॉफ्टवेअर घ्या नि मोकळे व्हा. मोठ्यांना पण हे लागू आहे, २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्याच प्राईम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओची क्वालिटी तपासायचं काम फार तुकड्यांत वाटलेलं होतं ते पुन्हा एकत्र केलं नि त्यांचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. त्यावर लगेच सर्व्हिसेस संपल्या म्हणून लोक नाचले, तसं काही नाही, पण त्या एका कामाचे तुकडे एकमेकांशी सतत बोलत होते, नि जे सतत एकमेकांशी बोलतात त्यांना वेगळं करायचंच नसतं.

मग रेघ कुठे मारायची? मी विचारतो की हे कोण बदलतं नि कधी. टॅक्स दिल्ली बदलते. काटा बदलतो तो मशीन जुनं झालं की. उधारी शेठ बदलतात, मनात येईल तेव्हा. ओलाव्याचा नि मातीचा कडता म्हणजे वजनातली वजावट खरेदीवाला बदलतो, सीझन बघून. बदलणारा माणूस वेगळा तिथे रेघ, बदलणारा एकच तर एकत्र राहू दे. मेल्विन कॉनवे ह्या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्था जशी आपापसात बोलते तशीच तिची सिस्टीम बनते. दाल मिलमध्ये गेट, काटा, गोदाम नि पेढी आधीच वेगळी होती. फक्त सॉफ्टवेअर एकच होतं.

कोणी विचारलं की सॉफ्टवेअरवाल्याशी बोलताना काय बघू, तर दोनच गोष्टी लिहून घ्या. माझा डेटा मला कुठल्या फॉर्ममध्ये परत मिळेल, आणि प्रत्येक सर्व्हिसला काय विचारायचं नि काय उत्तर येतं ह्याचा कागद माझ्या ताब्यात राहील का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चुळबुळला तर तो सर्व्हिसेस म्हणून आतून एक्सईच विकतोय.

दलालीचा हिशोब अजून जुन्या एक्सईमध्येच आहे. पुढच्या पावसाळ्यात तो बाहेर काढायचा विचार आहे. शेठ तयार आहेत, मुनीमजी अजून नाहीत, आणि त्यांचं कारण पण अगदीच चुकीचं नाही, दलालीचे निम्मे सौदे तोंडी ठरतात, ते कोणत्या सर्व्हिसमध्ये बसवणार ते आधी सांग म्हणतात.